डॉ. झटका आले कुठून? स्वस्तातले जुने सायफाय सिनेमे कार्टूनमध्ये कसे राहायला गेले

नागपूरचं धंतोली म्हणजे डॉक्टरांची वस्ती. गल्लीगणिक हॉस्पिटल, त्याला लागून पॅथॉलॉजी लॅब, त्याखाली मेडिकल आणि गाडी कुठे लावायची यावरून रोजची हुज्जत. इथे मुलांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलात, की समोरच्या टीव्हीवर बऱ्याचदा कार्टून सुरू असतं. आत गेल्यावर सुई टोचणार आहे हे पक्कं माहीत असलेलं पोट्टं पडद्यावरच्या दुसऱ्याच एका डॉक्टरला बघून खदखदून हसत असतं. ते म्हणजे ‘मोटू पतलू’मधले डॉ. झटका. त्यांनी काहीतरी यंत्र बनवलेलं असतं, मोटू नको ते बटण दाबतो आणि मग कुणीतरी मोठं होतं, कुणीतरी छोटं होतं, नाहीतर कुणीतरी गायब होतं.

मोठं होणं, छोटं होणं, गायब होणं. या तीनही गोष्टी त्या पोराच्या आजोबांनीही पाहिलेल्या असू शकतात. फक्त त्यांनी त्या सिनेमाच्या पडद्यावर पाहिल्या, त्याही अशा सिनेमांत ज्यांचं नाव घरी सांगायची सोय नव्हती. अमेरिकेत त्यांना ‘बी-मूव्ही’ म्हणायचे. आपल्याकडे ‘स्टंटपट’, ‘मारधाडीचं पिक्चर’ किंवा सरळ ‘फालतू’. हे सिनेमे बनणं कधीचंच बंद झालं, पण त्यांच्या कल्पना कार्टूनमध्ये आजही रोज दिसतात. हा प्रवास झाला कसा?

‘बी’ म्हणजे वाईट नव्हे

निदान सुरुवातीला तरी नव्हे. १९३० च्या दशकात अमेरिकेत मंदी आली आणि प्रेक्षक टिकवण्यासाठी थिएटरवाल्यांनी एका तिकिटात दोन सिनेमे द्यायला सुरुवात केली. पहिला मोठ्या नटांचा, त्याच्या गल्ल्यात स्टुडिओचा टक्का. दुसरा भरतीचा, त्याला ठरावीक भाडं. हा दुसरा म्हणजे बी.

ठरावीक भाडं म्हणजे पिक्चर कितीही चालला तरी निर्मात्याच्या हातात तेवढेच पैसे. मग नफा काढायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे त्याहून कमी पैशांत सिनेमा संपवायचा. तोच सेट पुन्हा वापरा, तोच कपडेपट वापरा, युद्धाची दृश्यं जुन्या फिल्ममधून उचला. १९५० च्या दशकात तर अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्ससारखी कंपनी आधी नाव आणि पोस्टर ठरवायची, ते खपेल असं वाटलं तर मग सिनेमा बनवायची. यूट्यूबवर आधी थंबनेल बनवून मग व्हिडिओ करणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही.

भीती मात्र खरी होती

स्वस्त असले तरी हे सिनेमे हवेतून पडलेले नव्हते. १९५४ चा ‘देम!’ घ्या. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात अणुबॉम्बची चाचणी झालेली आहे आणि तिथल्या मुंग्या महाकाय झाल्या आहेत. ऐकायला गंमत वाटते. पण १९४५ मध्ये जगातली पहिली अणुचाचणी खरोखर न्यू मेक्सिकोतच झाली होती आणि प्रेक्षकांना ते ठाऊक होतं.

त्याच वर्षी जपानमध्ये ‘गॉडझिला’ आला. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरात बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. तिची किरणोत्सारी राख ‘लकी ड्रॅगन नंबर ५’ नावाच्या जपानी मासेमारी बोटीवर पडली, खलाशी आजारी पडले, त्यातला एक पुढे वारला. नोव्हेंबरमध्ये थिएटरात गॉडझिला आला तेव्हा सिनेमाच्या सुरुवातीला एक बोट समुद्रात नाहीशी होते. जपानी प्रेक्षकाला समजावून सांगायची गरजच नव्हती. रबराच्या जड सूटमध्ये घुसलेला माणूस खेळण्यातलं टोकियो तुडवतोय, हे लोकांना दिसत होतं. तरी भीती वाटत होती, कारण राक्षस खोटा असला तरी राख खरी होती.

आता चोवीस वर्षं पुढे या. १९७८ मध्ये ‘स्कूबी-डू’वाल्या हॅना-बार्बेरा कंपनीने अमेरिकन टीव्हीवर ‘गॉडझिला’ची कार्टून मालिका आणली. तिच्यात गॉडझिला शास्त्रज्ञांच्या एका जहाजाचा दोस्त आहे. संकट आलं की त्याला हाक मारायची आणि तो हजर. सोबत गॉडझूकी नावाचा छोटा नातलगही आहे, इंग्रजीत ‘नेफ्यू’. तो पुतण्या की भाचा, हे मराठी प्रेक्षकाने आपलं आपण ठरवावं. अणुबॉम्बच्या राखेतून उठलेला राक्षस पाव शतकात शनिवार सकाळचा पाळीव प्राणी झाला.

मुंबईने भीती नाही, जादू घेतली

आपल्याकडे काय सुरू होतं? मुंबईत वाडिया बंधूंनी १९३५ च्या ‘हंटरवाली’पासून फिअरलेस नादियाच्या स्टंटपटांचा धंदा जमवला होता. आणि १९३३ मध्ये हॉलिवूडमध्ये आलेला ‘द इनव्हिजिबल मॅन’ दिग्दर्शक विजय भट्ट यांच्या डोक्यात बसला होता. तसं काहीतरी आपल्याकडे करून दाखवायचं काम आलं बाबूभाई मिस्त्री यांच्याकडे.

हॉलिवूडमध्ये नटाला काळ्या मखमलीत गुंडाळून, काळ्या पडद्यासमोर उभं करून आणि दोन चित्रणं एकावर एक चढवून ही करामत केली होती. मुंबईत तेवढी साधनं कुठली? मिस्त्रींनी काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवल्या. प्रेक्षकाला दिसलं ते असं की पेला आपोआप उचलला जातोय, माणूस मात्र नाही. हा १९३७ चा ‘ख्वाब की दुनिया’. त्यावरून बाबूभाईंना ‘काला धागा’ हेच टोपणनाव पडलं. पुढे हिंदी पौराणिक सिनेमातल्या उडत्या देवांच्या आणि फुटत्या बाणांच्या ट्रिक फोटोग्राफीत हेच नाव सगळ्यात मोठं ठरलं.

गायब माणसाची ही गादी मग चालत राहिली. १९५७ मध्ये नानाभाई भट्ट यांच्या ‘मिस्टर एक्स’मध्ये अशोक कुमार, १९६४ च्या ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’मध्ये किशोर कुमार, आणि १९८७ मध्ये शेखर कपूरच्या ‘मिस्टर इंडिया’त अनिल कपूर. इथे एक फरक ठळकपणे दिसतो. एच. जी. वेल्सच्या मूळ कादंबरीतला अदृश्य माणूस सत्तेच्या नशेत वेडा होतो, खून करतो. हॉलिवूडच्या सिनेमातही तेच. मुंबईतला अदृश्य माणूस गाणी म्हणतो, प्रेम करतो, खलनायकाला टपल्या मारतो आणि धान्यात भेसळ करणाऱ्यांना धडा शिकवतो. ‘हे विज्ञान आपल्याला गिळेल’ ही भीती इथे नाहीच. ज्या देशात १९५६ मध्ये ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाल्याचा अभिमान होता, धरणांना आधुनिक मंदिरं म्हटलं जात होतं, तिथे पडद्यावरचं विज्ञान म्हणजे नव्या कपड्यातला जुना वरदानाचा प्रकार होता. ऋषींच्या जागी प्रोफेसर आले, कमंडलूच्या जागी चंचुपात्र.

१९६७ चा ‘चाँद पर चढाई’ तर पाहायलाच हवा. नील आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षं आधी आपला दारा सिंग चंद्रावर पोचला आणि तिथे जाऊन त्याने काय केलं? कुस्ती. परग्रहवासी दिसले की त्यांना उचलून आपटायचं. यानाचा सेट पुठ्ठ्याचा वाटतो, पण दारा सिंगची पकड अस्सल आहे.

असे सिनेमे मोठ्या शहरातल्या पहिल्या आठवड्यावर जगत नसत. ते छोट्या गावांत, सकाळच्या शोला, फिरत्या प्रिंटवर वसूल व्हायचे. सिनेमाच्या धंद्यात विदर्भाला आजही ‘सीपी-बेरार’ टेरिटरी म्हणतात. ज्या प्रांताची नागपूर राजधानी होती तो प्रांत नकाशावरून गेला तरी वितरकांच्या वहीतून गेला नाही.

राक्षस काढायला किती खर्च येतो?

आता मूळ प्रश्न. या कल्पना कार्टूनमध्येच का गेल्या? उत्तर बरंचसं पैशांत आहे.

१९५८ च्या ‘अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वूमन’मध्ये राक्षसी आकाराची बाई दाखवायला दोन चित्रणं एकावर एक छापली. काम इतकं घाईचं की तिच्या अंगातून मागची घरं आरपार दिसतात. जवळून दाखवायला एक भलामोठा खोटा हात केला, तो ताठ लाकडासारखा हलतो. एडवर्ड वुडच्या ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’ची गोष्ट तर दंतकथाच झाली आहे. स्टार बेला लुगोसी १९५६ मध्येच वारला होता. त्याची थोडीशी चित्रफीत हाताशी होती, म्हणून उरलेल्या दृश्यांत वुडच्या बायकोच्या ओळखीतला एक हाडवैद्य तोंडासमोर झगा धरून फिरला. तो लुगोसीपेक्षा बराच उंच होता.

चित्रात ही अडचणच नाही. कागदावर माणूस काढायला जेवढी शाई लागते, जवळपास तेवढ्यातच पन्नास फुटी बाई काढता येते. कार्टूनचा खर्च आकारावर ठरत नाही, तो हालचालीवर ठरतो. किती चित्रं काढायची, किती वेळा तीच पार्श्वभूमी पुन्हा वापरायची, एवढंच गणित. हॅना-बार्बेराची कार्टून आठवा: पळणाऱ्या पात्रामागून तेच झाड, तीच खिडकी, तेच झाड. बी-मूव्हीवाल्यांची काटकसर हीच होती. फरक एवढाच की सिनेमात ती उघडी पडायची आणि कार्टूनमध्ये तिला शैली म्हणतात.

खुद्द सिनेमावाल्यांनाही हे कळलं होतं. १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’मध्ये एक अदृश्य राक्षस आहे, जो विजेच्या कुंपणात अडकल्यावर क्षणभर दिसतो. हा सिनेमा बी नव्हता, एमजीएमने चांगला पैसा लावला होता. तरीही तो राक्षस उभा करायला त्यांनी डिस्ने स्टुडिओकडून जोशुआ मेडॉर हा ॲनिमेटर उसना आणला. पडद्यावर जे दिसतं ते हाताने काढलेलं कार्टून आहे.

आणि हे नातं आपल्याकडे याहून जुनं आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचं रोप रोज थोडं थोडं चित्रित करून काही क्षणांत वाढताना दाखवलं होतं. भांडवल देणाऱ्यांना पटवायला केलेला तो प्रयोग होता. १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडी थोडी सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. देवाला आकाशातून उतरवणारा आणि आगपेटीतल्या काड्या नाचवणारा माणूस एकच होता. ट्रिक सिनेमा आणि ॲनिमेशन ही वेगळी घराणी नाहीतच. बी-मूव्ही कार्टूनमध्ये गेली म्हणजे खरं तर माहेरी गेली.

नक्कल, वारसा आणि योगायोग

इंटरनेटवर ‘या कार्टूनने त्या सिनेमातून चोरलं’ अशा रील्सचा पाऊस असतो. त्यातल्या बऱ्याच गोष्टी चोरी नसतात.

काही ठिकाणी नाव घेऊन सलाम आहे. ‘द सिम्पसन्स’चे ‘ट्रीहाउस ऑफ हॉरर’ हे खास भाग १९९० पासून येतात. १९९७ च्या भागात ‘द फ्लाय’ची उघड नक्कल आहे: बार्ट माशीसोबत यंत्रात शिरतो आणि डोकी बदलतात. १९९५ च्या ‘अटॅक ऑफ द फिफ्टी फूट आयसोअर्स’मध्ये जाहिरातीचे महाकाय पुतळे जिवंत होऊन शहर मोडायला लागतात आणि त्यांना मारायचा उपाय एकच, त्यांच्याकडे बघणं बंद करायचं. अणुबॉम्ब गेला, जाहिरात आली. जुना साचा नव्या भीतीला इतका चपखल क्वचितच बसला असेल.

काही ठिकाणी निव्वळ वारसा आहे. १ मे १९९५ ला भारतात कार्टून नेटवर्क सुरू झालं आणि केबल असलेल्या घरांत पुढच्या काही वर्षांत ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’, ‘पॉवरपफ गर्ल्स’, ‘करेज द कावर्डली डॉग’ आले. प्रोफेसर यूटोनियमच्या हातून केमिकल एक्स चुकून सांडतं आणि मुली तयार होतात. समुद्रातल्या बेटावरून राक्षस उठतात आणि गाव तुडवायला येतात. ‘करेज’चा पहिला छोटा भाग १९९६ चा, त्याचं नावच ‘द चिकन फ्रॉम आउटर स्पेस’ आणि तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. यात कुठल्या एका सिनेमाची नक्कल शोधू नका, सगळ्यांचीच आहे. ‘शिन चॅन’मधला ॲक्शन कामेन हाही तसाच, जपानच्या रबरी राक्षस आणि मुखवटेवाल्या हिरोंच्या टीव्ही मालिकांची थट्टा. त्या मालिकांपैकी एक आपल्याकडे १९८० च्या दशकात दूरदर्शनवर येऊन गेली, ‘जायंट रोबॉट’. दवाखान्यातल्या त्या पोराच्या बाबांना विचारून बघा, मनगटाशी तोंड नेऊन रोबॉटला हुकूम देणं त्यांनाही आठवेल.

आणि काही नुसता योगायोग. ‘मिस्टर इंडिया’चं घड्याळ आणि ‘बेन टेन’चं ओम्निट्रिक्स दोन्ही मनगटावरच आहेत, म्हणून एकाने दुसऱ्याचं घेतलं असं होत नाही. मनगट ही मुलाला लगेच नक्कल करता येईल अशी जागा आहे, बस.

पन्नास फुटी बाईचा न्याय

एक उदाहरण जरा थांबून बघण्यासारखं आहे. ड्रीमवर्क्सचा २००९ चा ‘मॉन्स्टर्स व्हर्सेस एलियन्स’ आणि त्यावरून निकलोडियनवर २०१३ मध्ये आलेली मालिका. यातली पात्रं म्हणजे १९५० च्या दशकाचं संमेलन आहे. निळा थलथलीत बॉब म्हणजे ‘द ब्लॉब’, डॉ. कॉक्रोच म्हणजे ‘द फ्लाय’, मिसिंग लिंक म्हणजे ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’. आणि सुसान, लग्नाच्या दिवशी अंगावर उल्का पडून एकोणपन्नास फूट अकरा इंच झालेली नवरी. एक इंच कमी ठेवला तो गमतीने.

मूळ सिनेमातली नॅन्सी श्रीमंत आहे, नवरा बाहेरख्याली आहे. परग्रहावरचं यान पाहिलं असं ती सांगते तेव्हा तिला वेडी आणि दारुडी ठरवलं जातं. ती महाकाय होते, नवऱ्याला मुठीत पकडते आणि शेवटी दोघंही मरतात. सिनेमा तिला भीतीदायक म्हणून दाखवतो, पण आज पाहताना तिचंच म्हणणं बरोबर वाटतं. कार्टूनवाल्यांनी नेमकं तेच हेरलं. सुसान मरत नाही. स्वतःच्या करिअरपुढे बायकोला खुजी समजणाऱ्या होणाऱ्या नवऱ्याला ती सोडते आणि मोठीच राहायचं ठरवते. पन्नास वर्षांत राक्षसाची बाजू बदलली. कार्टूनने जुन्या सिनेमाची भीती पातळ केली ही तक्रार खरी आहे, पण इथे त्याने जुनी चूकही दुरुस्त केली.

परत डॉ. झटकांकडे

‘मोटू पतलू’ मूळचे ‘लोटपोट’ या हिंदी मासिकातले. २०१२ मध्ये मुंबईच्या माया डिजिटल स्टुडिओने त्यांना निकलोडियनवर आणलं. डॉ. झटकांचं यंत्र बिघडतं, फुरफुरीनगरात गोंधळ होतो, समोसे खाऊन मोटूला ताकद येते आणि सगळं पूर्ववत. पन्नाशीतल्या अमेरिकन शास्त्रज्ञाची चूक जग बुडवायची, डॉ. झटकांची चूक वीस मिनिटांत मिटते. ते मुंबईच्या प्रोफेसरांचे वारस आहेत, न्यू मेक्सिकोच्या नव्हेत.

मात्र एक गोष्ट त्यांनीही जशीच्या तशी उचलली: एकटा शास्त्रज्ञ. घरातच प्रयोगशाळा, सोबत कुणी नाही, ‘हे आधी तपासून बघूया’ म्हणणारं तर कुणीच नाही. विस्कटलेल्या केसांचा हा एकांडा संशोधक १९२७ च्या जर्मन ‘मेट्रोपोलिस’पासून चालत आला आहे. खरं विज्ञान असं चालत नाही, हे धंतोलीतल्या कुठल्याही डॉक्टरला माहीत आहे. तिथे साधं निदान पक्कं करायलाही शेजारच्या लॅबचा रिपोर्ट लागतो.

मराठीत याला पर्याय होता, पण तो कागदावर राहिला. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नाव बघून बक्षीस मिळायला नको म्हणून. बक्षीस मिळालंच. पुढे मराठी विज्ञानकथेने मोठा वाचक कमावला, पण मराठी सिनेमाने तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. त्याची ट्रिक फोटोग्राफी ‘धडाकेबाज’च्या बाटलीतल्या गंगारामपाशी रमली आणि ‘झपाटलेला’ची सगळी जादू रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याच्या अंगात आली. दोन्ही सिनेमे लोकांना तोंडपाठ आहेत, त्यामुळे तक्रार तरी कशी करायची.

मूळ प्रतीच नसतील तर?

अमेरिकेतल्या बी-मूव्ही टीव्हीने वाचवल्या. रात्री उशिरा काहीतरी दाखवायला हवं म्हणून चॅनेलवाल्यांनी त्या स्वस्तात घेतल्या, मुलांनी त्या पाहिल्या आणि त्याच मुलांनी पुढे ‘सिम्पसन्स’च्या पिढीची कार्टून काढली. आपल्याकडे ही मधली पायरी जवळपास नव्हती. स्टंटपटांची प्रिंट घासून घासून संपायची आणि नंतर ती कुणी जपायची, हा प्रश्न कुणाला पडत नसे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पहिले कर्ताधर्ता पी. के. नायर मात्र सिनेमा चांगला की वाईट हे न बघता सगळंच गोळा करायच्या मताचे होते. फाळक्यांचं जे काही आज पाहायला मिळतं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. तरी ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात लागलेल्या आगीत संग्रहालयाची जुनी नायट्रेट रिळं जळून गेली.

‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’ आणि ‘चाँद पर चढाई’ शोधले तर सापडतात, प्रत धुरकट असली तरी. १९६६ चा ‘गोगोला’ मात्र सापडत नाही. मुंबईच्या समुद्रातून राक्षस बाहेर येतो आणि शहरावर चालून जातो, असा हा आपला गॉडझिला होता. त्याची गाणी ऐकायला मिळतात. राक्षस कसा चालत होता, सूट रबराचा होता की गोणपाटाचा, ते पाहायची सोय उरलेली नाही.